आजीची आठवण आणि आपले वाङ्मय

दिवाळी अंकांचा मी जुना गिऱ्हाईक आहे. शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यात मास्तरकी करणाऱ्या माणसाच्या हाती नवी पुस्तके उशिरा पडतात. दिवाळी अंक मात्र एस. टी.च्या कृपेने सणाच्या सुमारास येऊन पोचतात. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. टीकाशास्त्राची परिभाषा मला अवगत नाही. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या आणि मुलांच्या निबंधांच्या वह्या गठ्ठ्यांनी तपासल्या, एवढ्याच भांडवलावर आज एका व्यक्तिरेखेविषयी लिहावे म्हणतो. ती आपल्या दिवाळी अंकांतून दरसाल भेटते. ती म्हणजे आजी.

अंकातल्या या आजीला वाचक लांबूनच ओळखतो. तिचे केस पांढरेशुभ्र, हात सुरकुतलेले. ती चुलीपुढे बसते, डब्यातून लाडू काढते, जुन्या लुगड्याची गोधडी शिवते आणि रात्री नातवंडांना राजाराणीची गोष्ट सांगते. तिला राग म्हणून येत नाही. कोणाविषयी तिची तक्रार नाही. कथा संपत आली की ती वारते, आणि शहरातला नातू धावत येऊन त्या गोधडीत तोंड खुपसून रडतो. वाचताना आपलेही डोळे पाणावतात, हे मी नाकारीत नाही. पण पान उलटल्यावर जरा विचार करावा. या आजीचे नाव काय होते? तिचे माहेर कोणते? नातवंडांना तिने सांगितलेली एक तरी आठवण तिच्याच शब्दांत आपल्याला ऐकू आली काय? बहुधा नाही. लेखकाने तिच्या हातचे लाडू खाल्ले. तिचे बोलणे मात्र त्याच्या कानावरून गेले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. नातवंडांना घरच्या आठवणी सांगणारी आजी हा मराठी वाङ्मयाचा एक मोठा झरा आहे; पण आपण लेखकमंडळींनी तिची माया तेवढी उचलली आणि आठवणी बाजूला ठेवल्या. वास्तविक तिची माया त्या आठवणींतच असते. आठवण जितकी तिच्या तोंडची, जितकी खरखरीत राहील, तितकी ती माया वाचकापर्यंत पोचते. तिच्यात पाक ओतला की दोन्ही हातचे जाते.

ही खोड आपल्याला शाळेतच लागते, असे मास्तर या नात्याने मी सांगू शकतो. ‘माझी आजी’ हा निबंध दरवर्षी असतोच. चाळीस वह्यांपैकी अडतीस वह्यांत आजी ‘खूप प्रेमळ’ असते, ‘रोज छान छान गोष्टी’ सांगते आणि ‘मला खूप आवडते’. मुलांनी हे मार्गदर्शक पुस्तकातून उतरवलेले असते, आणि तसे उतरवले की गुण मिळतात हे त्यांना ठाऊक असते. एका वर्षी मात्र एका मुलाने लिहिले होते : ‘माझी आजी रागीट आहे. दिवाळीच्या पणत्यांत तेल उरले तर ती ते बाटलीत परत ओतते. ती सांगते की एका दिवाळीला आमच्या घरी एकच पणती लागली होती. कोणत्या वर्षी असे विचारले तर म्हणते, तुझा बाप चालायला लागला त्या साली.’ निबंध एवढाच. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. पण या पाच ओळींत एक म्हातारी, तिचे दारिद्र्य, तिची काटकसर, तिचे पोर आणि त्या पोराचे पोर अशी सगळी मंडळी येऊन बसली आहेत. प्रेम हा शब्द त्यात कोठे नाही. तरीही ज्या म्हातारीला दिवाळ्या आपल्या लेकाच्या पावलांवरून मोजता येतात, तिला प्रेमळ म्हणण्यासाठी मार्गदर्शक पुस्तकाची गरज काय?

या कसोटीवर आपली काही पुस्तके लावून पाहू.

पहिला मान अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाचा. १८६८ साली जन्मलेल्या या बाईने साठी ओलांडल्यावर, १९३४पासून, ते भागाभागाने प्रसिद्ध केले. १९३६ साली त्या वारल्या आणि शेवटचा भाग पुढच्या वर्षी आला. पुस्तकाचा जन्मच मुळी घरगुती आहे. मुलगा देवदत्त याला वडिलांचे, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे, चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात असे ठरले. आईने लेखणी उचलली आणि चरित्राची सामग्री व्हायच्या ऐवजी मराठीतले एक अव्वल आत्मचरित्र तयार झाले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्या लेखनाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे आजीने सांगावे, लेकाने छापावे, नातवाने जपावे अशी तीन पिढ्यांची ही कहाणी आहे.

या पुस्तकाचा आरंभ आठवा. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांनी सोवळ्याचे असे काही खूळ घेतले की घरात येणारी चीजवस्तू, अगदी मीठसाखरसुद्धा, धुऊन घेतली जाई. एखाद्या बेताच्या लेखकाच्या हाती हा प्रसंग सापडता तर त्याने फाशीच्या दोरापाशी पानभर अश्रू ढाळले असते. लक्ष्मीबाई दुःख एका वाक्यात सांगतात आणि धुतलेल्या मिठाकडे वळतात. आपल्याला हसू येते. हसता हसता कळते की हे हसू भयाच्या काठावरचे आहे. नवऱ्याविषयी लिहितानाही त्यांनी त्याचा देव्हारा मांडला नाही. टिळकांचा तापटपणा, अव्यवहार, न सांगता निघून जाणे, १८९५ सालच्या धर्मांतरामुळे झालेली ताटातूट हे सारे त्यांनी लिहिले, आणि तरीही पुस्तक मिटताना त्या माणसावर आपलाही लोभ जडतो. स्वतःच्या फजित्या तर त्या एखाद्या खोडकर पोरीप्रमाणे सांगतात. ही खरी सांगणारी आजी. ती आपल्याला रडवण्याच्या उद्योगाला लागत नाही. ती सांगत जाते.

दुसरे पुस्तक आजीचे नव्हे, आईचे आहे. पण आपल्या आज्यांच्या कथांवर त्याची सावली इतकी दाट आहे की त्याला वगळता येत नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. रात्रीची प्रार्थना आटोपावी आणि श्यामने आश्रमातल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगावी, अशी तिची मांडणी आहे. आणि ही मांडणी सरळ आजीच्या अंथरुणावरून उचललेली आहे. गुरुजींचे अश्रू खरे होते. शिवाय त्या अश्रूंच्या खाली कोकणातल्या घराचा भक्कम तपशील आहे : कर्ज, सावकाराचा माणूस, अंगण, पत्रावळी, पोहायला घाबरणारा मुलगा आणि त्याला शिंपटीने बडवून विहिरीवर पाठवणारी आई. ती आई मारते, हे विसरू नये. गुरुजींच्या मागून आलेल्यांनी अश्रू घेतले आणि शिंपटी टाकून दिली. आजच्या दिवाळी अंकातली आजी ही श्यामच्या आईचीच एक पुसट प्रत आहे. तिच्यातली आग विझलेली आणि पाणी तेवढे उरलेले.

तिसरे पुस्तक घेताना फराळाचे ताट समोर असलेल्या वाचकाला मी थोडे थांबायला सांगतो. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. त्यात संतामाय आहे, लेखकाच्या आईची आई. सोलापूर जिल्ह्यातल्या हन्नूर गावी तिने या नातवाला वाढवले. गुरांच्या शेणात न पचलेले ज्वारीचे दाणे असतात. ती ते शेण आणते, दाणे धुते, वाळवते, दळते. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खाते. नातवाच्या वाट्याला दुसऱ्या पिठाची भाकरी असते. नातू हट्टाने तिच्या भाकरीचा तुकडा तोंडात घालतो, आणि त्याला तो गिळवत नाही. लेखकाने येथे आजीच्या थोरवीवर भाष्य करून पाने भरली नाहीत. दोन पिठे वेगळी ठेवणारी म्हातारी त्याने आपल्याला दाखवली. मराठीत आजीच्या मायेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या भाकरीच्या पंगतीला बसेल असे त्यात किती निघेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

यावर कोणी म्हणेल, ‘मास्तर, सणासुदीला घरातल्या लहानथोरांनी वाचायच्या अंकात हे कडू कशाला?’ आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या सणातच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो बहुतेक घरांत आजीच पाळायला लावते. पोरे तोंडे वाकडी करतात. ती सोडत नाही. कडू चाखल्यावाचून गोडाला हात लावू न देणारी हीच बाई आपण गोष्टीत आणतो तेव्हा मात्र तिच्या हाती नुसता लाडू देतो.

आता आमच्या मुलखाकडे वळतो. कारण हे सारे मला पुस्तकांनी शिकवले त्याहून अधिक येथल्या ओट्यांनी शिकवले. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडला जाणारी वाट धरली की दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागतात. येथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी कामाला बांधलेल्या असतात. राब भाजणे, आवणी, डोक्यावर इरले घेऊन दिवसभर चिखलात वाकणे, उखळात भात कांडणे, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. नातवाने ‘आजी, गोष्ट सांग’ म्हटले की राजाराणी क्वचितच येतात. येतो तो आवणीच्या ऐन पावसात बांधावर जन्मलेला चुलता, किंवा म्हशाच्या यात्रेत घेतलेला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात गेलेला बैल.

आणि कालगणना? ती पंचांगाची नव्हे आणि इसवी सनाचीही नव्हे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, हे मी वर्गात फळ्यावर लिहितो. येथल्या म्हातारीने ते आपल्या आईच्या तोंडून ‘सिद्धगडावर गोळी सुटली तो हिवाळा’ असे ऐकलेले असते, आणि त्याच हिवाळ्यात घरातले कोण जन्मले तेही ती त्याला जोडून सांगते. कोणाचे साल धरणाचे असते. मुंबईला तानशाचे पाणी १८९२ साली मिळाले. मग वैतरणा आली, भातसा आली. ज्या तालुक्यातून एवढे पाणी शहराला जाते, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ‘धरणात आमची जमीन गेली त्या साली तुझ्या आत्याचे लग्न’ असे एक वाक्य आजी सहज बोलून जाते. इतिहास आणि सोयरीक यांची इतकी घट्ट वीण एखाद्या कादंबरीकाराला जमली तर त्याने स्वतःला धन्य मानावे. आम्ही लिहिणारे मात्र तिचे ते वाक्य सोडून देतो आणि त्या जागी ‘आजीच्या डोळ्यांत गतकाळ तरळला’ असे लिहितो.

भाषेचे तेच. तिचे ‘व्हतं’, ‘गेल्तो’ आम्ही मास्तर लोक नातवाच्या तोंडून खोडून काढतो. परीक्षेसाठी ते करावेही लागते. पण गोष्ट लिहिताना आजीच्या तोंडी पुण्याच्या वाड्यातली बोली घालणे म्हणजे तिच्या अंगावरचे लुगडे फेडून उसना शालू नेसवणे होय. ज्यांनी हे केले नाही त्यांचे उपकार मानले पाहिजेत. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि कोणत्या गावच्या कोणत्या बाईने त्या गाइल्या याची नोंद ठेवली. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ साली गेल्या, लेक सोपानदेवांनी त्यांची गाणी जपली म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्राला मिळाली. या सगळ्यांनी एक पथ्य पाळले : सांगणारीचे बोलणे तिच्याच बोलीत ठेवले.

येथवर गोष्ट झाली ती दुसऱ्याने लिहून घेण्याची. पण म्हातारीनेच पाटी हाती घेतली तर? तो प्रकारही आमच्याच मुरबाड तालुक्यात घडला. फांगणे या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. तेथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती कल्पना काढली आणि मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय न्यासाने तिला हात दिला. शिवजयंतीच्या निमित्ताने गावात वाचन चालले असता म्हाताऱ्या बायका बोलल्या की आम्हालाही वाचता आले असते तर! मास्तरांनी ते बोलणे कानाआड केले नाही. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या पंचवीस-तीस आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन दुपारी दोनला वर्गात बसू लागल्या. सकाळचे घरचे-शेतातले काम उरकल्यावरची ती वेळ. शिकवणारी गावातलीच एक सून, दहावीपर्यंत शिकलेली. तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती! बोट धरून शाळेत पोचवायला नातवंडे, आणि घरी अभ्यास घ्यायलाही तीच.

या शाळेची छायाचित्रे देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली. ते योग्यच झाले. पण टीकाकाराच्या नजरेने पाहता, तेथेही बऱ्याच जणांनी दिवाळी अंकातलीच आजी पाहिली. गुलाबी साडी, पाटी, बोळके हसू. ‘वय विसरून शिकणाऱ्या गोड आज्या!’ त्या इतकी वर्षे का शिकल्या नाहीत, हा प्रश्न त्या गोडीत विरघळला. त्याचे उत्तर कारटासारखे आहे. लहानपणी भावाला शाळा आणि बहिणीला गुरे व धाकटी भावंडे, अशी वाटणी झाली होती. मग लग्न, मग आवणी, मग पोरे. म्हणून नातवाने आजीच्या चुकलेल्या ‘क’वर बोट ठेवावे आणि तिने तो निमूटपणे पुसून पुन्हा काढावा, या प्रसंगात मला कौतुकापेक्षा अधिक काही दिसते. घरात सांगणारी ती आणि ऐकणारा तो, ही रीत होती. येथे तिने दुपारचे दोन तास आपला मान नातवाच्या हाती दिला. मायेची याहून मोठी खूण कोणत्या कथेत आहे?

एक शंका मात्र घेतली पाहिजे. अक्षर आले की आठवण झडते, असे म्हणणारे विद्वान आहेत. मला ते पटत नाही. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यांची स्मृती काही अक्षरांनी झिजली नाही. उलट अक्षर नसल्याने किंवा मोकळीक नसल्याने काय जाते, ते बेबीताई कांबळे यांच्याकडे पाहून कळते. वीरगावात आजीआजोबांच्या घरी वाढलेल्या या बाईने आपल्या समाजाचे जिणे दुकानात बसल्या बसल्या लिहिले आणि वर्षानुवर्षे ते कागद घरच्यांपासून लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले १९८६ साली. ते कागद चुलीत गेले असते तर मराठीचे एक मोठे पुस्तक गेले असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता. अशी किती गेली असतील?

फांगण्याच्या आज्यांनी पाटीवर प्रथम आपले नाव लिहिले. अंगठ्याच्या जागी सही आली. वाङ्मयाच्या दृष्टीने ही सुरुवातही लहान नाही. कारण आपल्या कथांतल्या आजीला जे कधी मिळाले नाही ते नाव या बायकांनी स्वतःच्या हाताने काढले. त्यापैकी कोणी पुढे वहीभर आठवणी लिहील अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. कष्टाने वाकलेल्या बोटांना तेवढा अवधी नाही. ते काम त्यांची दप्तरे सांभाळणाऱ्या नातवंडांचे आहे, आणि आम्हा लेखकांचेही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती करतो. या सणाला घरची मंडळी जमतील. मुलांच्या सुट्टीच्या वहीची दोन पाने आजीसाठी ठेवा. तिचे लग्नाआधीचे नाव विचारा, माहेरच्या विहिरीचे पाणी गोड की मचूळ ते विचारा, एका पणतीची दिवाळी कोणती ते विचारा. ती सांगेल तसे, तिच्या बोलीत उतरवा. ती चिडली तर तेही लिहा. जेथे ती थांबेल आणि ‘जाऊ दे, दिवे लावायची वेळ झाली’ म्हणून उठेल, तेथे तारीख घालून जागा मोकळी ठेवा. भाऊबीजेला ती पुन्हा बसेल, तेव्हा तेथून पुढे विचारता येईल.